चोवीस आयतींची यादी

१९८३ साली जुन्या दिल्लीतल्या हौज काझी पोलीस ठाण्यात एका भित्तिपत्रकावरून गुन्हा नोंदवला गेला. पत्रक हिंदू रक्षा दलाचे होते. देशात दंगे का होतात, हा त्याचा विषय, आणि उत्तरादाखल कुरआनातल्या चोवीस आयतींचे हिंदी भाषांतर एकाखाली एक छापलेले. प्रकाशकांवर भारतीय दंड संहितेची १५३-अ आणि २९५-अ ही कलमे लागली. ३१ जुलै १९८६ रोजी महानगर दंडाधिकारी झेड. एस. लोहाट यांनी आरोपींना मुक्त केले आणि आदेशात शेरा मारला, की या आयती बारकाईने वाचल्या तर त्या घातक आहेत, द्वेष शिकवतात आणि मुसलमान व इतर समाजांत वितुष्ट आणू शकतात.

त्याच्या वर्षभर आधी कलकत्त्यात सगळ्या कुरआनावरच बंदी घालावी अशी याचिका झाली होती. कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्या. बिमलचंद्र बसाक यांनी ती १७ मे १९८५ रोजी फेटाळली. २०२१ मध्ये उत्तर प्रदेश शिया वक्फ बोर्डाचे माजी अध्यक्ष वसीम रिझवी सव्वीस आयती वगळण्याची मागणी घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले. न्या. रोहिंटन नरिमन यांच्या पीठाने १२ एप्रिलला ती याचिका पन्नास हजारांच्या खर्चासह निकालात काढली. त्याच वर्षीच्या ६ डिसेंबरला रिझवी यांनी गाझियाबादजवळच्या डासना देवी मंदिरात हिंदू धर्म स्वीकारला. उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय एका बाजूला आणि एका दंडाधिकाऱ्याचा शेरा दुसऱ्या बाजूला, तरी प्रचारात चालतो तो शेराच. ‘कोर्टानेच म्हटलंय’ एवढे दोन शब्दांत सांगितले की पुढे कोणी विचारत नाही. खरे तर दंडाधिकाऱ्यासमोर प्रश्न पत्रक छापणाऱ्यांनी गुन्हा केला की नाही, एवढाच होता. चौदा शतकांच्या ग्रंथाचा अर्थ ठरवणे हे त्या न्यायासनाचे कामही नव्हते आणि अधिकारही नव्हता.

यादीचा दावा सरळ आहे. कुरआन प्रत्येक मुसलमानाला प्रत्येक मुसलमानेतराशी लढण्याची कायमची आज्ञा देतो, म्हणून शेजारी मुसलमान कितीही भला असला तरी त्याचा धर्म त्याला एक दिवस तलवार उचलायला लावणारच. हा दावा खोटा आहे. त्याला उत्तर म्हणून ‘इस्लाम म्हणजे फक्त शांती, ग्रंथात युद्ध नाहीच’ असे सांगणारेही वाचकाला फसवतात. ते का, हे पुढे येईल. आधी यादी.

यादीत पहिल्या क्रमांकावर असते नवव्या सूरेची, सूरा तौबाची, पाचवी आयत. पवित्र महिने संपल्यावर मूर्तिपूजकांना गाठा आणि मारा, असा तिचा आशय. तिच्या वरची चौथी आयत पत्रकात नाही. ज्या मूर्तिपूजकांनी तुमच्याशी केलेला तह पाळला, तुमच्याविरुद्ध कोणाला मदत केली नाही, त्यांच्याशी मुदत संपेपर्यंत तह पाळा, असे ती सांगते. खालची सहावीही पत्रकात नाही. तिचा आशय असा: एखाद्या मूर्तिपूजकाने आश्रय मागितला तर द्या, त्याला देवाचा शब्द ऐकू द्या, आणि मग त्याला सुरक्षित वाटेल अशा जागी पोहोचवा. धर्म बदलण्याची अट त्या पोहोचवण्याला नाही. तेरावी आयत कारणही देते. या लोकांनी शपथा मोडल्या, पैगंबरांना हुसकावण्याचा घाट घातला आणि आगळीक आधी त्यांनीच केली. ज्या ग्रंथात सगळ्या मूर्तिपूजकांना कापण्याची सरसकट आज्ञा आहे असे म्हणतात, तो त्याच पानावर तह पाळणाऱ्या मूर्तिपूजकाला अभय आणि आश्रय मागणाऱ्याला सोबत देतो. चौथी आणि सहावी गाळून पाचवी छापणे ही चूक म्हणता येत नाही. तीन सलग वाक्यांतले मधले उचलायला वरचे आणि खालचे डोळ्यांनी पाहावेच लागते.

या आयतींना तारीखही आहे. ६२८ साली हुदैबिया इथे मक्केचे कुरैश आणि मदिनेचे मुसलमान यांच्यात तह झाला. कुरैशांच्या बाजूच्या बनू बक्र टोळीने मुसलमानांच्या बाजूच्या खुझाआ टोळीवर हल्ला करून तो मोडला. ६३० मध्ये मक्का पडली. ६३१ च्या हजला, अबू बक्र यात्रेचे प्रमुख असताना, अलींनी हा जाहीरनामा वाचून दाखवला आणि तह मोडणाऱ्यांना चार महिन्यांची मुदत दिली. एका द्वीपकल्पातल्या, नाव-गाव असलेल्या टोळ्यांशी चाललेल्या युद्धाचे हे कागद आहेत.

बाकीची यादी पाहिली की आणखी चकित व्हायला होते. चौथ्या सूरेची १०१ वी आयत यादीत आहे. प्रवासात शत्रूच्या हल्ल्याची भीती असेल तर नमाज थोडक्यात आटोपावी, अशी ती सवलत आहे. नवव्या सूरेची ३७ वी आयत पवित्र महिने पुढेमागे ढकलण्याच्या अरबांच्या रिवाजाविषयी, म्हणजे पंचांगाविषयी आहे. शेवटी काफिरांचा उल्लेख येतो एवढ्यावर ती यादीत बसली. चौथ्या सूरेची ५६ वी, एकविसाव्या सूरेची ९८ वी, एकेचाळिसाव्या सूरेची २७ वी आणि २८ वी या नरकाच्या आगीविषयी बोलतात. परलोकातल्या शिक्षेचे वर्णन म्हणजे माणसाला दिलेली कत्तलीची आज्ञा असेल, तर गरुडपुराण वाचून घेणाऱ्या प्रत्येक घरावर असाच गुन्हा नोंदवावा लागेल. चौथ्या सूरेची ८९ वी आयत कठोर आहे, यात शंका नाही. पण लगेच ९० वी सांगते की जे लढाईतून बाजूला झाले आणि ज्यांनी शांततेचा हात पुढे केला, त्यांच्याविरुद्ध देवाने तुम्हाला कुठलाही मार्ग ठेवलेला नाही. यादीत ८९ आहे, ९० नाही. पुन्हा तेच.

आणि पत्रकाचा विषय तर दंगे होता. पत्रकावर गुन्हा नोंदवून वर्षदीड वर्ष होते न होते तोच, १९८४ च्या नोव्हेंबरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत, याच दिल्लीत त्रिलोकपुरी, मंगोलपुरी, सुलतानपुरी जळाल्या. अहुजा समितीने दिल्लीतल्या मृतांचा आकडा २,७३३ दिला. मेले ते शीख. मारणाऱ्या जमावांनी कुरआन वाचला नव्हता. मतदार याद्या, रॉकेल आणि पोलिसांची पाठ फिरलेली असणे, एवढे त्यांना पुरले. फाळणीच्या दंग्यांनंतर राजधानीत झालेल्या सर्वात मोठ्या हत्याकांडाचा या चोवीस आयतींशी काहीही संबंध नसताना १९८६ च्या न्यायालयात दंग्यांचे मूळ म्हणून त्याच वाचल्या जाव्यात, ही गोष्ट त्रिलोकपुरीतल्या विधवांसमोर उभे राहून कोणी समजावून द्यावी.

यादीच्या समर्थकांतले अभ्यासू लोक इथे एक मुद्दा काढतात आणि तो टाकाऊ नाही. ते म्हणतात, सक्ती नको, तुमचा धर्म तुम्हाला, तुमच्याशी न लढणाऱ्यांशी भलाईने वागा, या आयती आहेत खऱ्या, पण त्या आधीच्या आहेत. नंतर आलेल्या तलवारीच्या आयतीने, म्हणजे नवव्या सूरेच्या पाचवीने, त्या रद्द केल्या. या सिद्धांताला ‘नस्ख’ म्हणतात आणि तो इस्लामी शास्त्रातलाच आहे, कोणी बाहेरून लादलेला नाही. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला बगदादमध्ये वारलेल्या इब्न सलामाने तर एकट्या त्या आयतीने १२४ आयती रद्द ठरवल्या होत्या.

पण शास्त्र तिथे थांबले नाही. इब्न सलामाच्या शतकभर आधीच्या तबरीने, म्हणजे कुरआनाच्या सर्वात वजनदार भाष्यकाराने, जे तुमच्याशी लढत नाहीत त्यांच्याशी न्यायाने वागण्याची साठाव्या सूरेची आठवी आयत रद्द झाल्याचे मत नाकारले आणि ती सर्व धर्मांच्या लोकांना लागू धरली. पंधराव्या शतकात कैरोच्या सुयूतीने रद्द आयतींची संख्या विसाच्या आसपास आणली. आणि अठराव्या शतकात दिल्लीच्या शाह वलीउल्लाहने ‘अल-फौझुल कबीर’ या पुस्तकात ती पाचांवर आणली. त्या पाचांत सक्ती नाकारणारी आयत नाही, न्यायाने वागायला सांगणारी नाही, तह पाळायला सांगणारी नाही. आठव्या सूरेची ६५ वी मात्र आहे: वीस धीराचे लढवय्ये दोनशेंना भारी पडतील, ही. लढाईला चेतवणारी ही आयत पत्रकाच्या चोवीसांत आहे आणि दिल्लीच्या सर्वात मोठ्या मुसलमान पंडिताच्या मते तिचा अंमल पुढच्याच आयतीने संपला आहे. एकोणिसाव्या शतकात दिल्लीतच जन्मलेल्या सर सय्यद अहमद खानांनी कुरआनातली कुठलीही आयत रद्द होते हेच अमान्य केले. मराठी वाचकाने ध्यानात घ्यावे, की ‘शांतीच्या आयती रद्द झाल्या’ हे सांगणारा वक्ता हजार वर्षांच्या वादातले एकच, आणि तेही सर्वात टोकाचे मत उचलून ते सर्वांचे म्हणून खपवतो.

आता दुसरी बाजू, कारण तिच्याशिवाय हा प्रतिवाद अर्धवट राहील. ज्या शाह वलीउल्लाहने रद्द आयती पाचांवर आणल्या, त्यानेच अहमदशाह अब्दालीला पत्र लिहून मराठ्यांविरुद्ध येण्याचे आवाहन केले आणि ते धर्मकर्तव्य ठरवले. १० जानेवारी १७६० ला यमुनेकाठच्या बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडला. त्याचे डोके कापणारा कुतुबशाह हा नजीबखान रोहिल्याचा गुरू होता.  वर्षभराने, १४ जानेवारी १७६१ ला, पानिपत झाले. मराठी घराघरांत हे दुःख अजून बोलले जाते, आणि ज्यांना ‘धर्मात काहीच नव्हते’ असे सांगायचे आहे त्यांनी आधी या पत्राला उत्तर दिले पाहिजे.

उत्तर आहे, पण ते शांतीच्या भाषणातून मिळत नाही, पानिपतच्या दोन्ही छावण्यांकडे नीट पाहिल्यावर मिळते. मराठ्यांचा तोफखाना आणि गारदी पायदळ इब्राहिमखान गारद्याच्या हाती होते. तो शेवटपर्यंत लढला, जखमी होऊन सापडला आणि अब्दालीने त्याला मारले. पलीकडे, जिहाद म्हणवणाऱ्या फौजेत, शुजाउद्दौल्याच्या सैन्याबरोबर अनुपगिर गोसाव्याचे शैव साधू लढत होते. शुजाच्या पदरचा काशीराज पंडित हा या लढाईचा सर्वात महत्त्वाचा साक्षीदार. अब्दालीने १७५७ मध्ये दिल्ली लुटली तेव्हा त्याच्या शिपायांनी मुसलमान घरे सोडली नव्हती. नजीबखानाला अंतर्वेदीतली आपली जहागीर वाचवायची होती, शुजाला वजीरपद हवे होते, आणि अब्दालीला पंजाबचा महसूल. जिहादचा पुकारा या सगळ्यांनी वापरला. त्या पुकाऱ्याला धार होती हे नाकारू नये, आणि तीच एक प्रेरणा होती असेही म्हणू नये.

यापेक्षा अवघड गोष्ट आहे ती कायद्याच्या ग्रंथांची. बाराव्या शतकात मध्य आशियातल्या मर्गीनानीने लिहिलेला ‘हिदाया’ हा हनफी कायद्याचा आधारग्रंथ. भारतातल्या बहुतेक सुन्नी मदरशांच्या दर्स-ए-निजामी अभ्यासक्रमात तो आहे. त्यातल्या युद्धाच्या प्रकरणात स्पष्ट म्हटले आहे, की काफिरांनी सुरुवात केली नसली तरी त्यांच्याशी लढणे हे समाजाचे सामुदायिक कर्तव्य आहे. बायका, मुले, वृद्ध, आंधळे यांना मारू नये, दगाबाजी करू नये, हिताचे असेल तर तह करावा, हेही त्याच प्रकरणात आहे. पण सुरुवातीचे वाक्य आहे, आणि ते आहे हे कबूल करायला लाजणारा मौलाना यादीवाल्यांच्या हातात आपण होऊन कोलीत देतो.

हे वाक्य आले कुठून? ते कुरआनातल्या त्या तह-अपवादांसह आलेल्या आयतींतून थेट उतरलेले नाही. अब्बासी खिलाफतीच्या आणि नंतरच्या सुलतानांच्या काळातले हे शास्त्र. दर वर्षी मोहिमेला निघणे हे तेव्हा राजेपणाचे लक्षण होते. महाराष्ट्राला हे परके नाही. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा मुलूखगिरीला बाहेर पडत, शेजारच्या राज्याने काही आगळीक केली आहे की नाही हे न पाहता. चौथाईच्या वसुलीला धर्मशास्त्र जोडणारेही होते. आज कोणी मराठी माणूस दसऱ्याला आपट्याची पाने वाटतो म्हणून त्याच्यावर शेजारचा जिल्हा लुटण्याच्या बेताचा आरोप होत नाही. हाच न्याय मर्गीनानीच्या वाचकालाही मिळाला पाहिजे. मात्र त्या वाचकाला शिकवणाऱ्याने हे प्रकरण इतिहास म्हणून शिकवायची जबाबदारी टाळू नये.

दिल्लीच्या सुलतानांनीही हे शास्त्र जसेच्या तसे चालवले नाही, आणि त्याची साक्ष कट्टर माणसाकडूनच मिळते. झियाउद्दीन बरनी हा चौदाव्या शतकातला इतिहासकार हिंदूंविषयी अतिशय कडवट लिहितो. त्यानेच अल्लाउद्दीन खलजी आणि काझी मुगीसुद्दीन यांचा संवाद नोंदवला आहे. काझीने हिंदूंविषयीचे कठोर नियम सांगितले आणि हेही सांगितले, की इमाम अबू हनीफांनी त्यांच्याकडून जिझिया घेऊन त्यांना राहू द्यायला परवानगी दिली आहे, इतर पंथ देत नाहीत. म्हणजे चौदाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत सुलतानासमोर उभा असलेला काझीसुद्धा ‘शास्त्र एकच सांगते’ असे म्हणू शकत नव्हता. आणि सुलतानाने उत्तर दिले, की शरीयतेत काय बसते ते मला ठाऊक नाही, राज्याच्या हिताचे दिसेल ते मी करतो. अल्लाउद्दीन दयाळू नव्हता. देवगिरीच्या यादवांना ते चांगले ठाऊक होते. पण त्याच्या क्रौर्याचा उगम धुंडाळायला कुरआनापेक्षा त्याच्या खजिन्याचा हिशेब अधिक उपयोगी पडतो.

जिझियाचीच गोष्ट पुढे नेली तर तिथे शिवाजी महाराज भेटतात. औरंगजेबाने २ एप्रिल १६७९ ला जिझिया पुन्हा बसवला. दिल्लीच्या हिंदूंनी लाल किल्ल्याच्या झरोक्याखाली गर्दी केली, शुक्रवारी जामा मशिदीची वाट अडवली, तेव्हा बादशहाने त्यांच्यावर हत्ती घातले. त्यानंतरचे शिवाजी महाराजांच्या नावाने असलेले फारसी पत्र प्रसिद्ध आहे. नीळ प्रभू मुनशीने ते लिहिल्याचे मानले जाते आणि जदुनाथ सरकारांनी त्याचे भाषांतर केले. त्यात अकबर, जहांगीर, शाहजहान यांच्या वागणुकीचे दाखले आहेत, आणि त्याहून धारदार युक्तिवाद असा, की कुरआनात देवाला सगळ्या विश्वांचा स्वामी म्हटले आहे, एकट्या मुसलमानांचा नाही. ज्या बादशहाशी आयुष्यभर लढत होते, त्याला महाराजांनी ‘तुझा ग्रंथच वाईट’ असे लिहिले नाही. तू तुझ्याच ग्रंथाला सोडून चालला आहेस, असे बजावले. चोवीस आयतींचे पत्रक महाराजांच्या नावाने जयजयकार करणारेच अनेकदा वाटतात. त्यांनी आधी महाराजांचे हे पत्र वाचावे.

१८५७ च्या मे महिन्यात पुन्हा दिल्लीतच हा प्रश्न उभा राहिला. शिपाई शहरात शिरून थोडेच दिवस झाले होते. एका मौलवीने जिहादचे निशाण उभारले आणि हिंदूंविरुद्ध भाषा सुरू केली. बहादूरशाह जफरने त्याला सांगितले, की हे शक्य नाही आणि हा मूर्खपणा आहे, कारण पूरबिया शिपायांत बहुसंख्य हिंदूच आहेत. हिंदूंचे शिष्टमंडळ तक्रार घेऊन आले तेव्हा त्याने सांगितले, की लढा इंग्रजांविरुद्ध आहे आणि हिंदूंविरुद्ध मी तो मना केला आहे. बकरीदला त्याने गोहत्येवर बंदी घातली. त्या वर्षी दिल्लीच्या उलेमांनी काढलेला जिहादचा फतवाही इंग्रजांविरुद्ध होता. नानासाहेब पेशवे आणि तात्या टोपे ज्यांच्याशी लढत होते त्यांच्याविरुद्ध.

विसाव्या शतकातला खरा पेच २३ डिसेंबर १९२६ चा. नया बाजारातल्या घरी आजारी पडलेल्या स्वामी श्रद्धानंदांना अब्दुल रशीद नावाच्या माणसाने गोळ्या घातल्या. हेच श्रद्धानंद ४ एप्रिल १९१९ ला जामा मशिदीतून हजारो मुसलमानांसमोर बोलले होते. हा खून झाला आणि इस्लाम काफिराला मारायला सांगतो का, हा प्रश्न देशभर विचारला गेला. डॉ. आंबेडकरांनी १९४० मधल्या पाकिस्तानविषयीच्या पुस्तकात या आणि अशा खुनांची नोंद घेऊन असा ठपका ठेवला, की प्रमुख मुसलमान पुढाऱ्यांनी मारेकऱ्यांचा उघड निषेध केला नाही. हा ठपका रास्त होता. आंबेडकरांचा रोख पुढाऱ्यांच्या मौनावर होता आणि त्यासाठी त्यांना कुठल्याही ग्रंथातले तुकडे कापावे लागले नाहीत. हे वाचन आणि यादीवाल्यांचे वाचन यांत फरक आहे.

त्या वादात उत्तर द्यायला पुढे आला औरंगाबादेत १९०३ साली जन्मलेला एक तरुण संपादक. अबुल आला मौदूदी तेव्हा दिल्लीत जमियत उलेमा-ए-हिंदचे ‘अल-जमियत’ हे पत्र चालवत होते. त्यांनी तिथे लेखमाला सुरू केली आणि १९३० मध्ये तिचे ‘अल-जिहाद फिल इस्लाम’ हे पुस्तक झाले. हेतू बचावाचा होता. पण बचाव करता करता मौदूदी एका व्यवस्थेकडे सरकले. १९३९ मध्ये लाहोरच्या भाषणात त्यांनी सांगितले, की इस्लाम ही क्रांतिकारी विचारसरणी आहे, बिगरइस्लामी राजवटी बदलणे हे तिचे उद्दिष्ट आहे, आणि बचावाचे युद्ध की चढाईचे, हा भेद तिला लागू होत नाही. इजिप्तच्या सय्यद कुत्बने पुढे यातूनच प्रेरणा घेतली. आजच्या जिहादी गटांची वैचारिक वंशावळ लिहायची तर एक फांदी औरंगाबाद-दिल्ली-लाहोर अशी जाते, आणि मराठी माणसाला हे माहीत असले पाहिजे.

पण त्याला हेही माहीत असले पाहिजे, की मौदूदींच्या या मांडणीचा सर्वात कसून केलेला पराभव एका मौलानानेच केला. आझमगडचे वहीदुद्दीन खान जमात-ए-इस्लामीत सुमारे पंधरा वर्षे होते. तिथून बाहेर पडून १९६३ मध्ये त्यांनी ‘ताबीर की गलती’ हे पुस्तक काढले. मौदूदींनी राजकारणाला धर्माचे केंद्र बनवले आणि त्यामुळे ग्रंथाचा सगळा तोलच ढळला, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. पुढे दिल्लीच्या निजामुद्दीन वेस्टमध्ये बसून त्यांनी अर्धशतक एकच गोष्ट लावून धरली: इस्लाममध्ये युद्ध करण्याचा अधिकार फक्त प्रस्थापित सरकारला आहे, तेही उघड घोषणा करून, आणि केवळ बचावासाठी. गनिमी युद्ध, छुपे युद्ध, आत्मघाती हल्ला, यांतले काहीही त्यात बसत नाही. बाबरी मशीद पडल्यानंतर ते आचार्य सुशीलमुनी आणि स्वामी चिदानंद यांच्याबरोबर मुंबई ते नागपूर शांतियात्रेत महाराष्ट्रभर फिरले. मुसलमानांतल्या अनेकांनी त्यांना सरकारधार्जिणे म्हणून झिडकारले. त्यांच्या राजकीय भूमिकांवर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे. पण ग्रंथाच्या अर्थाबाबत त्यांच्या युक्तिवादाला जमातीकडून तोडीचे उत्तर आलेले नाही. २१ एप्रिल २०२१ ला ते गेले. रिझवींची याचिका निकालात निघून तेव्हा नऊ दिवस झाले होते. त्या याचिकेवर वर्तमानपत्रांचे रकाने भरले. वहीदुद्दीन खानांनी आयुष्यभर नेमक्या याच प्रश्नावर काय लिहिले, याकडे फार थोड्यांनी वळून पाहिले.

जमियतचीही एक परंपरा आहे. १९३८ च्या जानेवारीत दिल्लीत मौलाना हुसेन अहमद मदनींनी राष्ट्र भूमीवरून बनते असे सांगितले. इक्बालांनी त्यांच्यावर कविता करून कोरडे ओढले. मदनींनी पैगंबरांच्या मदिनेतल्या कराराचा आधार दिला, ज्यात ज्यू टोळ्या मुसलमानांबरोबर एका समूहात धरल्या होत्या. भारताचे संविधान हा तसाच करार, आणि करार पाळणे हे धर्मकर्तव्य, ही भूमिका जमियतने पुढे ठेवली. आठव्या सूरेची ७२ वी आयत तर परदेशातल्या मुसलमानांनी मदत मागितली तरी ज्यांच्याशी तुमचा करार आहे त्यांच्याविरुद्ध ती देऊ नका, इथपर्यंत जाते. ३१ मे २००८ ला रामलीला मैदानावर दहशतवादाविरुद्धचा देवबंदचा फतवा जाहीरपणे वाचला गेला.

असे फतवे पुरेसे आहेत का? नाहीत. १० नोव्हेंबर २०२५ च्या संध्याकाळी लाल किल्ला मेट्रो स्थानकाजवळ गाडीचा स्फोट झाला, माणसे मेली, आणि तपास फरिदाबादच्या एका विद्यापीठातल्या डॉक्टरांपर्यंत गेला. गाडी चालवणाऱ्याची जी चित्रफीत नंतर बाहेर आली तिच्यात तो आत्मघाती हल्ल्याला हौतात्म्य ठरवत होता. हा माणूस मदरशात शिकलेला नव्हता, वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेला होता. त्याला कायद्याच्या ग्रंथांतल्या अटी, अपवाद, मतभेद कोणी शिकवले नव्हते. त्याला सुटे तुकडे मिळाले होते. हौज काझीच्या पत्रकाने जे केले, तेच त्याने केले. वरची ओळ नको, खालची नको, मधली एकच हवी. दोघांच्या हेतूंत जमीन-अस्मानाचे अंतर असेल, पण वाचनाची रीत एकच आहे, आणि पत्रक वाटणारा दर वेळी त्या बॉम्बवाल्याला प्रमाणपत्र देतो की खरा मुसलमान तूच, बाकीचे कोट्यवधी आपला ग्रंथ न समजणारे.

यादीचा शेवट कुठे होतो, तेही दिल्लीने पाहिले. १९ डिसेंबर २०२१ ला राजधानीतल्या एका सभागृहात जमलेल्यांनी हिंदू राष्ट्रासाठी मरण्याची आणि गरज पडल्यास मारण्याची शपथ हात पुढे करून घेतली. मारण्याची आज्ञा दुसऱ्याच्या ग्रंथात आहे म्हणून चाळीस वर्षे आरडाओरडा करणाऱ्या परंपरेतून ती शपथ आली.

म्हणून दोन मागण्या. पहिली मदरसे चालवणाऱ्यांकडे आणि मराठी मुसलमान विचारवंतांकडे, हमीद दलवाईंनी मोकळेपणाने प्रश्न विचारण्याची जी वाट पाडली तिच्यावर चालणाऱ्यांकडे विशेष करून: ‘हिदाया’तले युद्धाचे प्रकरण झाकू नका. ते वर्गात उघडा, कोणत्या राजवटीत आणि का लिहिले गेले ते सांगा, आणि आज ते लागू नाही असे स्पष्ट लिहून त्यावर सही करा. दुसरी, यादी वाटणाऱ्यांकडे आणि ती पुढे पाठवणाऱ्या मराठी वाचकाकडे: नवव्या सूरेची पाचवी आयत सांगायचीच असेल तर चौथी आणि सहावी सांगा, चौथ्या सूरेची ८९ वी सांगायची असेल तर ९० वीही सांगा. ते जमणार नसेल, तर यादी पुढे पाठवू नका.